डोळस ठरवलेली मुलगी

१

कचेरीतून आलेलं पाकीट गोपालने दुकानातच फोडलं आणि गिऱ्हाइकाची साखर तराजूत तशीच सोडून तो घरात आला. कागद त्याने बायकोला, कोकिळेला, वाचून दाखवला. सरकारी मराठीचं पुरण काढून टाकलं तर मजकूर इतकाच होता: अर्जदार कुमारी अंकिता हिला डोळ्यांनी चांगलं दिसतं, असं घरी जाऊन केलेल्या चौकशीत आढळलं आहे. तेव्हा निराधार योजनेचा अर्ज नामंजूर का करू नये, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र रद्द करायला का कळवू नये आणि शासनाची फसवणूक केली म्हणून पोलिसांत तक्रार का देऊ नये, याचा खुलासा सोमवारी सुनावणीला हजर राहून करावा.

अंकिता उंबऱ्याशी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिचे डोळे टपोरे आणि स्वच्छ. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे ती बरोबर बघायची, म्हणून परक्याला शंकाही येत नसे. पण डोळ्यांचा पडदा सुकत जाण्याचा तिचा आजार दहावीनंतर बळावला आणि आता उजेड आहे की अंधार, एवढंच तिला कळत होतं. नागपूरला अंध मुलामुलींसाठी बोलणाऱ्या संगणकाचा वर्ग होता, तिथे तिला जागा मिळाली होती. दिव्यांगत्वाचं कार्ड दाखवलं की प्रवेश पक्का आणि अनुदानावर तिथला खर्च भागणार, असा तिचा सगळा हिशेब त्या एका अर्जावर उभा होता.

"चौकशीले घरी आलतं कोण?" गोपालने विचारलं.

"कोणीच नाई," कोकिळा म्हणाली.

"कचेरीतलं तं कोणी नाई आलं बाबा," अंकिताही त्याच दमात म्हणाली. तिच्या मांडीवरचं सूप कलंडलं आणि दाणे घरभर झाले. ते वेचायला ती खाली बसली, हाताने जमीन चाचपत राहिली आणि चाचपता चाचपताच रडायला लागली.

गोपालने त्याच मिनिटाला सिंदीला फोन लावला. तिथे त्याची मोठी बहीण राहत होती.

२

जयाबाई म्हणजे सिंदीच्या शाळेत हयात घालवलेली मास्तरीण. परीक्षेच्या हॉलमध्ये ही बाई शिरली की पोरांची पाचावर धारण बसायची. कोणाच्या बाहीत चिठ्ठी आहे हे तिला चेहऱ्यावरून कळायचं, आणि कळलं तरी ती लगेच पकडायची नाही. शेजारी उभी राहून पेपर छान लिहितोस हो, म्हणायची. पोरगं आपणच घामाघूम होऊन चिठ्ठी काढून द्यायचं. निवृत्तीनंतर गुडघे गेले, पण ही खोड गेली नाही.

ती आली तेव्हा घरात चूल पेटलेली नव्हती. गोपालने गल्ल्याच्या पेटीत काही पैसे आहेत का ते बघायला सुरुवात केली होती, कारण साहेबाला काहीतरी देऊन प्रकरण मिटवावं असं त्याच्या मनात आलं होतं. जयाबाईने त्याला आधी खाली बसवलं.

"चोर नसताना चोरासारखं वागू नको. तुले कोणावर संशय हाये ते सांग."

संशय तिघांवर होता. पहिला समोरचा बंडूजी, कापडवाला. नालीच्या पाण्यावरून त्याचं न् गोपालचं वाजलं होतं, त्यानेच खोटी तक्रार केली असेल. दुसरा प्रफुल, चौकातला ऑनलाइन फॉर्म भरणारा. वरचं चहापाणी न देता अर्ज केला म्हणून त्याने तोंड वाकडं केलं होतं. तिसरे खुद्द चौकशीवाले तायवाडे साहेब. घरी न येताच खुर्चीत बसून अहवाल लिहिला असेल.

"तो अहवाल कोणत्या दिवसाचा हाये?"

"बाजाराच्या बुधवारचा. मी माल आणाले नागपूरले गेलतो."

तेवढ्यात अंकिता पाण्याचा तांब्या घेऊन आली. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या कोकिळेने पदर सारखा केला, हातातल्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या. अंकिता उंबरा ओलांडून सरळ आली. पुन्हा बांगड्या वाजल्या, तशी ती थांबली आणि तांब्या नेमका आत्याच्या हातासमोर धरला. जयाबाईला भाचीचं कौतुक वाटलं. काय सफाईने वावरते पोरगी, असं तिच्या मनात आलं आणि ती पाणी प्यायली.

"बेटा, खरंच कोणी आलं नाई?"

"कचेरीतलं कोणी नाई, आत्या." पोरगी खोटं बोलत नव्हती. पण चिठ्ठी बाहीत असलेल्या पोरासारखी तिची बोटं ओढणीचं टोक पिळत होती.

३

प्रफुलने जयाबाईला स्टूल पुसून दिलं आणि विचारायच्या आधीच हात जोडले.

"मॅडम, माह्यं नाव घेऊ नका. गोपालभाऊ मले शिव्या देऊन राह्यले, पण मी काही केलं नाई. उलट त्या बुधवारी तायवाडे साहेब न् त्यायच्या संगचा माणूस इथीच आलते. गोपालचं घर कोणतं, मलेच पुसलं. मीच बोट दाखवलं."

"आत गेले ते?"

"गेले म्हणजे? चांगले घंटाभर बसले. निंघाले तं मिशीले पोह्याचा दाणा होता साहेबाच्या."

म्हणजे साहेब आले होते. खुर्चीत बसून अहवाल लिहिलेला नव्हता. आणि आपल्याच घरातली दोन माणसं कोणी आलं नाही म्हणून सांगत होती. भावाने बोलावलं म्हणून ती शत्रू शोधायला आली होती आणि वाट तर भावाच्याच ओसरीकडे वळत होती. पोरीला खरंच दिसतं की काय, हा विचारसुद्धा एकदा डोक्यात येऊन गेला आणि त्याची तिला लाज वाटली.

बंडूजीकडे ती ब्लाऊजपीस बघायच्या निमित्ताने गेली. नालीचं भांडण तिने काढलंच नाही. ती म्हणाली, "बंडूजी, पोरगी गळाठून गेली हो. त्या बुधवारी घरी कोण आलं, तुमच्या दुकानातून दिसलं असन."

"मी कुठी होतो ताई? मी गिरडले गेलतो, दर्ग्यावर. नवस होता. म्हणून तं मले संग येता नाई आलं न् सारा घोटाळा झाला. दुसऱ्या दिवशी कळलं का पाहुणे आलेच नाई त्या दिवशी."

"कोणते पाहुणे?"

बंडूजीच्या हातातला कपडा अर्धवट घडीत राहिला. तो समोरच्या घराकडे बघायला लागला आणि त्यानंतर ब्लाऊजपीसच्या भावाखेरीज त्याने एक अक्षर काढलं नाही.

४

तायवाडे साहेब जयाबाईला घरी भेटले, झाडांना पाणी घालताना. माणूस वाईट नव्हता. हाताखालून खोट्या प्रमाणपत्रांच्या चळती गेल्यामुळे कावलेला होता.

"बाई, मला कोणाशी वैर नाही. तालुक्यात धडधाकट लोक आंधळे-बहिरे बनून अनुदान खातायत. वरून आदेश आहे, न कळवता जा, काय कामाला आलो ते आधी सांगू नका. तसेच गेलो. दारातच तुमची भावजय म्हणते, या या, वाटच पाहून राह्यलो. म्हणजे आम्ही येणार ही खबर आधीच फुटलेली."

"मंग?"

"मग काय! पोरगी साडी नेसून, स्वतः ट्रे घेऊन आली. माझ्या हातात पोहे दिले, सोबतच्या माणसाच्या हातात दिले. चालून दाखव म्हटलं, ओसरीपर्यंत जाऊन आली. नाव लिहून दाखव म्हटलं, लिहिलं. भिंतीवरचं कॅलेंडर वाच म्हटलं, धडाधडा वाचलं. घरात काय कामं येतात विचारलं, तर आई म्हणते, सारंच येते, भरतकामसुद्धा. मी तिथेच समजलो. जाताना पाया पडली पोरगी, दोघांच्या. डोकं बरोबर माझ्या पायाशी. आता तुम्हीच सांगा, मी काय लिहू?"

जयाबाई ताडकन उठली. गुडघ्यातून कळ गेली तिकडे तिचं लक्षही नव्हतं.

"पाया पडली?"

"हो."

"साहेब, तुमच्या नोकरीत चौकशीले गेल्यावर किती घरच्या पोरी तुमच्या पाया पडल्या?"

तायवाडे पाण्याचा पाइप हातात धरून उभे राहिले. पाणी कुंडीतून वाहून त्यांच्या चपलांवर आलं.

५

घरी येऊन जयाबाईने गोपालला दुकानात पिटाळलं, स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि कोकिळेसमोर पाटावर बसली. अंकिता भिंतीला टेकून बसली होती. जयाबाईने आवाज चढवला नाही.

"कोकिळा, साहेबाले फसवाचं असतं तं पोरगी त्याच्यासमोर धडपडली असती, काळा चष्मा लावून बसली असती. तुले तं ते येणार हे माहीत होतं म्हणतात. दिसत नाई असं सोंग करणारे मी पाह्यले. पण चौकशीवाल्यासमोर दिसते असं सोंग कोण करन? ज्याले समोर चौकशीवाला हाये हेच माहीत नाई, तो."

कोकिळा चुलीतली राख सारखी करू लागली.

"तू कोणाची तरी वाट पाहून राह्यलती. दोन बाप्ये, बंडूजी संग येणार होता पण गिरडले गेला. गोपाल नागपूरले गेलता, तोच दिवस तू धरला. पोरीले साडी नेसवली, पोहे केले. दारात दोन बरे माणसं दिसले, तू आत घेतलं. पाहुण्याले नाव-गाव दारातच पुसत नाई आपण, पोह्याच्या आधी तं नाईच. न् त्यायनं काय पुसलं? चालून दाखव. नाव लिहून दाखव. काय काय येते. मुलगी पाहाले आलेला माणूस दुसरं काय पुसते, सांग मले."

अंकिताच्या तोंडातून बारीक आवाज निघाला. तिला हे आत्ता कळत होतं.

"आई, ते... ते काका लोक हिंगणघाटचे नव्हते?"

"नाई," कोकिळा म्हणाली. मग बांध फुटल्यासारखी ती बोलत सुटली. हिंगणघाटचं स्थळ होतं, बंडूजीने नालीचं भांडण विसरून आणलेलं. गोपालला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, आधी डोळ्यांचं सांगा. आधी सांगितलेली दोन स्थळं दारात न येताच गेली होती. म्हणून तिने ठरवलं, आधी पोरगी बघू द्या, एकदा मनात भरली की मग सांगू. महिनाभर मायलेकी तालीम करत होत्या. एकदा बांगड्या वाजल्या की चाल, दोनदा वाजल्या की थांब आणि पुढे कर. कॅलेंडर गोपालच्याच दुकानाचं होतं, त्यावरचा मजकूर वर्षानुवर्षं तोच, तो अंकिताला पाठ होता. सही तर बोटांना माहीतच होती.

"दुसऱ्या दिवशी बंडूजी म्हणाले पाहुणे आलेच नाई, तवाच माह्या काळजात धस्स झालं. म्हटलं मंग पोहे खाल्ले कोणं? कागद आला तवा समजलं. पण कोणत्या तोंडानं सांगू, ताई? खरं सांगाव तं साऱ्या तालुक्याले समजते का आंधळी पोरगी डोळस म्हणून दाखवत होतो. एकबी स्थळ येणार नाई मंग. नाई सांगाव तं पोलीस."

"न् पोरीले काऊन नाई सांगितलं?"

"तिनं तं साऱ्यायले सांगून टाकलं असतं."

अंकिता भिंतीचा आधार घेत उठली. "सांगितलंच असतं," ती म्हणाली. "आई, तू म्हणे पाहुण्यायले दिसते असं दाखव, मी दाखवलं. बाबा म्हणे साहेबायले दिसत नाई ते सांग, मी सांगितलं. मले कोणी पुसलं का, का तुले काय पाह्यजे? मले नागपूरले जाचं हाये. बस."

दाराबाहेर काहीतरी पडलं. गोपाल दुकानात गेलाच नव्हता. तो ओसरीवर, दाराला पाठ लावून बसलेला होता आणि त्याने सगळं ऐकलं होतं. कोकिळेला वाटलं तो अंगावर येईल. तो आत आला, पाण्याच्या माठाशी गेला आणि पाणी न घेताच परत फिरला. सोमवार उद्यावर आला होता.

६

सुनावणीच्या खोलीत तहसीलदारबाई, तायवाडे आणि भिंतीशी बाकावर ही चौघं. पुढच्या सुनावणीची माणसं दारात गर्दी करून ऐकत होती आणि त्यांत बंडूजीही होता. जयाबाईने सगळं मांडलं. तहसीलदारबाईंनी ऐकून घेतलं, पण मान हलवली.

"तुम्ही छान जुळवलंत. पण सुटायला असंच जुळवतात लोक. प्रमाणपत्र खोटं नाही कशावरून? फेरतपासणी होईल, तोवर माझ्यासमोर अहवाल आहे. त्यात मुलगी बघून चालते, वाचते."

"मॅडम, नागपूरची तारीख तोवर निंघून जाईन," अंकिता म्हणाली. मग तिने मान वर केली. "साहेब चहा पितात का? मले ट्रे द्या. त्या दिवशी दिला तसाच देतो."

शिपाई नुकताच चहा घेऊन आला होता. बाईंनी खूण केली, त्याने ट्रे तिच्या हातात दिला. कोकिळा बाकावरून उठली. बांगड्या वाजल्या, अंकिता निघाली. टेबलाच्या कडेने, फायलींच्या गठ्ठ्याला न लागता, सरळ. पुन्हा दोनदा वाजल्या. ती थांबली, किंचित हसली आणि कप तायवाडेंच्या हातासमोर आला.

दारात कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, हिले तं लख्ख दिसते. तायवाडेंनी बाईंकडे बघितलं. गोपालने डोळे मिटून घेतले. पोरीने आपल्या हाताने आपला फास ओढला, असंच सगळ्यांना वाटलं.

"आता परत," जयाबाई म्हणाली. "शिपाईदादा, तिले दाराशी नेऊन फिरवा न् सोडा. साहेब, तुम्ही आवाज न करता त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसा. कोकिळा..."

पुढचं सांगावं लागलं नाही. कोकिळेला कळलं होतं. आपण गप्प राहिलो की लेक सगळ्यांसमोर धडपडणार आणि लपवून ठेवलेलं सगळं उघड्यावर येणार. बांगड्या वाजवल्या तर ती डोळस ठरणार. तिने उजव्या हाताने डाव्या हाताचं मनगट धरलं आणि छातीशी दाबलं. एकही बांगडी वाजली नाही.

अंकिता थोडी थांबली. वाट बघितली. मग निघाली. टेबलाचा कोपरा कमरेला लागला, चहा हिंदकळून फायलींवर सांडला. ती वळली, स्टूल पायात आलं, सावरली. आणि लोखंडी कपाटासमोर उभी राहून तेच शिकवलेलं हसू हसत तिने ट्रे पुढे केला.

"घ्या ना, काका."

कोकिळेच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण मनगटावरची पकड तिने सैल केली नव्हती. सगळ्यांत आधी तायवाडे उठले. ते कपाटाशी गेले, ट्रे तिच्या हातातून घेतला आणि उभ्यानेच तो उरलासुरला चहा प्यायले.

"मॅडम," ते म्हणाले, "माझा अहवाल मी मागे घेतो. मी पोरगी बघून आलो होतो, चौकशी राहिलीच."

बाईंनी ओल्या फायली बाजूला केल्या. फेरतपासणी होईल, पण अर्ज नामंजूर होणार नाही, कार्ड रद्द करायची शिफारस जाणार नाही, पोलिसांतही काही जाणार नाही आणि नागपूरच्या वर्गासाठी आजच पत्र मिळेल, असं त्यांनी सांगितलं. दारातून बंडूजी केव्हाच निघून गेला होता. हिंगणघाटचं स्थळ त्याच्याबरोबरच गेलं हे कोकिळेला न सांगता कळलं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट तालुकाभर होणार होती.

पत्र घेऊन सगळे बाहेर आले. गोपाल पुढे, जयाबाई गुडघे सांभाळत मागे. व्हरांड्याच्या टोकाशी अंकिता थबकली. पाय पुढे टाकेना. शेजारी कोकिळा उभी होती, अजून आपलं मनगट तसंच आवळून, आपण ते धरलंय हेही विसरून. काच रुतून तिथे वळ उठले होते.

अंकिताने चाचपत आईचा हात शोधला आणि तिची बोटं एकेक करून सोडवली.

"आई," ती म्हणाली, "आता वाजव. पुढं पायऱ्या हायेत न?"